अधिक-उणे

नऊ वह्या, नऊ लेबलं.
आठ कोरी. नववं फाटलंय,
बरोबर ‘त्ति’च्या जागी.

कृत्तिका, हे नाव माझं.
तुझी आई म्हणत होती, जुई ठेवू.
दोन अक्षरं, कुठं अडकायला जागा नाही.
मला नक्षत्र हवं होतं.
आता एक अक्षर पायाशी वाकलेलं,
एक दुसऱ्याच्या खांद्याला चिकटलेलं,
आणि वरची वेलांटी दांडीला टेकता टेकता राहते.
केसभर.

केसभर म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे.
सत्तर मायक्रॉन.
रबाळ्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मी हेच करतो:
मायक्रोमीटरच्या जबड्यात शाफ्ट धरायचा,
श्वास रोखून आकडा वाचायचा
आणि नाही जमला तर लाल पेटीत.
पेटी भरली की साहेब वैतागतात.
मला त्या रात्री छान झोप लागते.

हे मी वाशीच्या डॉक्टरबाईंना सांगितलं नाही.
एडीएचडी, म्हणाल्या त्या, आणि सोबत हेही,
दोन्ही एकत्र असू शकतं.
मग विचारलं, घरात अजून कुणी?
मी म्हणालो, छे.
निघताना गॅसचं बटण तीनदा बघून आलो होतो.

तुझी बाटली सेक्टर सातच्या बागेत.
एक सँडल रिक्षात, कोणत्या ते विचारू नये.
नळ उघडा, कपाट उघडं, वाक्य उघडं,
कारण मध्येच खिडकीत कावळ्यानं सुतळी आणली.
सगळं सुटतं तुझ्या हातून.
ही वेलांटी तेवढी सुटत नाही.
भोईरकाकू म्हणतात, लाड आहेत.
असतीलही. मी काकूंशी भांडत नाही,
त्यांच्याकडे आपली जादा किल्ली असते.

काल मी ओरडलो. ते लिहायलाच हवं.
‘चालेल’ म्हणालो, ‘चालेल गं, चालेल!’
इतक्या जोरात, की काहीच चालणार नाही असं ऐकू गेलं.
तू रबर तोंडात घातलंस, चावून दोन तुकडे केलेस,
आणि रडता रडता
ते सारखे आहेत का ते जुळवून बघितलंस.

उज्ज्वला रात्रपाळीहून सकाळी आली.
टेबल बघितलं, मला बघितलं.
काही न बोलता रबराचा चुरा ओंजळीत गोळा केला,
परातीतलं उरलेलं पीठ गोळा करावं तसा.

आज मी कारखान्यातलं एक ड्रॉइंग आणलं,
चार घड्या, कोपऱ्यावर तेलाचं बोट.
हे बघ, पंचवीस लिहिलंय. आणि पुढे हे बारीक?
‘अधिक. उणे. काय आहे ते?’
किती चुकलं तरी चालेल, ते.
‘आधीच लिहून ठेवतात?’
आधीच.
‘चुकायच्या आधी?’

कावळा आला खिडकीत.
तू वळली नाहीस.

‘मग माझ्या नावाला किती?’

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
ड्रॉइंग वरून येतं. आम्ही फक्त मापतो.
म्हटलं, तुझं नाव, तू ठरव.
तू पाय हलवलेस, खुर्ची हलली, टेबल हललं,
बहुतेक खालचे कदमही हलले असतील.
‘तीनदा खोडायचं. चौथ्यांदा नाही.
पण आज पाच.’

आज पाच.
सात झाले.
मी मनात मोजत होतो, तुला ते कळलं,
तू हातानं माझे डोळे झाकलेस.
हाताला रबराचा वास होता.

लेबल चिकटलं. थोडं तिरकं.
वेलांटी आणि दांडीच्या मध्ये फट आहे,
वरच्या दिव्याचा उजेड जाईल एवढी.
सोमवारी वही शाळेत जाईल,
बुधवारपर्यंत हरवेलही.
उरलेली आठ उद्या. किंवा चार.

रात्री उठून मी स्वयंपाकघरात गेलो.
बटण बघितलं. परत आलो. परत गेलो.
अंधारात, पांघरुणाच्या आतून,
तुझा पूर्ण जागा आवाज:
‘बाबा, तुला किती?’