दुभाष्याची रोजंदारी

शिरे नदीच्या काठी, आंब्याखाली बैठक.
खुर्च्या दोनच : एक मारेइकेला, एक गावप्रमुखाला.
मी मधे, उकिडवा,
एका कानात इंग्रजी, दुसऱ्यात चिचेवा.
दिवसाचे चार हजार क्वाचा, दुपारची न्सीमा वेगळी.

तिच्या कागदावर पहिलाच शब्द : लाभार्थी.
आमच्या भाषेत तो नाही.
ओढूनताणून म्हटलं, 'ज्यांना मिळतं ते.'
एनिफा म्हणाली, 'मग ही कोण?
जिला काहीच मिळत नाही ती?'
बायका चितेंजेचं टोक तोंडात धरून हसल्या.
काय म्हणतायत, मारेइकेनं विचारलं.
मी म्हटलं, स्वागत करतायत.
(दुभाष्याला एवढी मुभा असते.)

'तुम्हाला कशाची गरज आहे?'
याचं उत्तर गावाला पाठ आहे.
आधी तीन गाड्या येऊन गेल्या, तीन रंगांच्या.
विहीर म्हटलं की विहीर,
शिलाई यंत्रं म्हटलं की शिलाई यंत्रं,
आणि फलक. तो मात्र न मागता.
एक आता डोरिकाच्या गोठ्याचं दार आहे.
'यांच्या सौजन्याने' एवढंच वाचता येतं,
नाव बकऱ्यांनी चाटून नेलं.

त्या दिवशी कुणीच काही मागितलं नाही.
डोरिका उठली, चल म्हणाली.
हे मी न सांगताच मारेइकेला कळलं.

दवाखान्यामागे वाळल्या गवताखाली
भाजलेल्या विटा. अकरा हजार.
दोन पावसाळे झाकून जपलेल्या.
पलीकडच्या काठच्या पोटुशा बाया
भरत आल्या की इथं येऊन राहतात,
कडुनिंबाखाली, उघड्यावर, दिवस मोजत,
कारण कळांना नावेची वेळ ठाऊक नसते.
फालेसी नावेतच गेली. पोर जगलं.
ते पोर विटांवर बसून पेरू खात होतं.

मारेइके बराच वेळ गप्प.
मग तिनं कागदाची घडी घातली.
'कुठवर आलंय तुमचं?'
दहा वर्षं हे काम करतोय,
हा प्रश्न माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला.
जीभ अडखळली.

'विटा झाल्या. भिंती होतील,' डोरिका म्हणाली,
'पत्रे आम्हाला भाजता येत नाहीत.'

पत्रे आले, चाळीस.
भिंती चढताना मला बोलावणं होतं,
पण भाषांतराला काही नव्हतंच :
वीट दे, वीट घे.
मीही रांगेत उभा राहिलो.
रोजंदारी घेतली, नाही म्हणत नाही.

मोजले तेव्हा अडतीस भरले.
वही डोरिकाकडे.
'कुठं आहेत ते माहीत आहे. आमचं आम्ही बघू.'
मी जसंच्या तसं सांगितलं.
तक्त्यात एक रकाना होता, तफावतीचं कारण.
मारेइकेचं पेन त्यावर थांबलं,
मग पुढच्या ओळीवर गेलं.

तिसऱ्या पहाटे पत्रे भिंतीला टेकलेले,
एक जरा वाकलेला, काजळी धरलेला.
कुणाच्या चुलीवरचा, ते गावाला ठाऊक आहे.
मलाही.
कुणी विचारलंच, तर मला मुभा आहे :
वारा, सांगेन.