नऊ चौकोन

कालाचाच्या शाळेला फळा नाही,
म्हणून मुटीसोने कागद बाभळीला बांधला.
नऊ चौकोन. गिऱ्हाईक कोण, खर्च कशाचा,
पैसा कुठल्या दाराने येतो, कुठल्या फटीतून गळतो.
मी दुभाषी. दिवसाला आठशे शिलिंग, चहा वेगळा.

चाल्बीवरून खारट वारा येत होता,
‘भागीदार’चा कोपरा सारखा फडफडे,
धड वाचू देईना.

त्याने एक शब्द उच्चारला, जिभेवर घोळवून.
आमच्या बोलीत तो नाही.
मी सांगितलं : तग धरणं.
कबाले हसली. गेल्या दुष्काळात तिच्या
त्रेसष्ट शेळ्या एका विहिरीभोवती आडव्या झालेल्या.
“तग दगडही धरतो, पोरा.
पडलेला उठून चालू लागतो, त्याला काय म्हणतोस?”

मुटीसो भला माणूस. खोडलं, पुन्हा लिहिलं.
दूध : धुरी दिलेल्या डब्यांतून, मार्साबितच्या ट्रकवर.
विमा : उपग्रह वरून गवत मोजेल,
हिरवं घटलं की फोनवर पैसे.
“वरच्याला म्हणावं,” एलेमा बोलला,
“खालचं हिरवं काटेरी आहे.
त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.”

मग मालमत्तेचा चौकोन. उंट किती?
“दावणीला अकरा,” कबाले म्हणाली, “त्यांतले माझे दोन.”
आणि बाकीचे तुमचे?
“एक नणंदेकडे, नॉर्थ हॉरला. एक सीमेपलीकडे.
एक अशा माणसाकडे, ज्याच्याशी मी बोलत नाही.
दूध त्यांचं, वंश माझा.
रोग आला, धाड आली,
तरी सगळीकडे एकाच रात्री येत नाही.”

मुटीसोचं पेन हवेत थांबलं.
हे येणं की देणं? भागीदार की गिऱ्हाईक?
शेवटी त्याने ते रेघेवर लिहिलं,
दोन चौकोनांच्या मध्ये, बारीक अक्षरात.

निघताना तिने विचारलं, तुझे उंट किती?
एकही नाही, तो म्हणाला, मी चौथ्या मजल्यावर राहतो.
तिने काठीने एक तांबूस कालवड-उंटीण दाखवली,
डाव्या कानाला चीर असलेली.
“ही तुझी. राहील इथेच.
विचारायला तरी फोन करशील.”

करतो. पाऊस लांबला की हमखास.
कान बरा आहे का, विचारतो, पाणी किती दूर आहे,
आणि मग, ओशाळून, डब्यांचे पैसे पोचले का.
या फोनांचं दुभाषेपण
मी फुकट करतो.