कोट धरणारी

ओस्ला म्हणाली, तू फक्त माझा कोट धर.
बोलू नकोस,
धीर वगैरे तर मुळीच देऊ नकोस.
म्हणून मी कोट धरून बसलेय
लेरविकच्या दवाखान्यात, हीटरशेजारी.

कोटाला मेंढ्यांचा वास. खिशात सुतळी,
अर्धं बिस्किट, आणि ते पत्र,
चौथं की पाचवं. आधीची तिने चुलीत घातली.
'गर्भाशयमुखाच्या तपासणीची वेळ झाली आहे.'
बावन्न वर्षांत इतक्या अदबीने
तिला कुणी काही विचारलं नव्हतं,
त्याचीच धास्ती घेतली असेल.

आमच्या बेटावरही दवाखाना आहे, हाकेच्या अंतरावर.
पण तिथला फोन उचलते तिची चुलतबहीण,
आणि आमच्याकडे सकाळी शिंकलं
की संध्याकाळी बेटाचं दुसरं टोक तब्येत विचारतं.
म्हणून पहाटेची फेरीबोट, मग बस,
आणि चेहऱ्यावर लोकर विकायला निघाल्याचा भाव.

मागच्या महिन्यात दारापर्यंत येऊन परत फिरलो.
नर्स बाहेर आली, थोरा तिचं नाव,
म्हणाली, दारापर्यंत आलात, तेही येणंच.
रागावली नाही. वहीतून नाव खोडलं नाही.
आम्ही धक्क्यावर मासे-बटाटे खाल्ले,
कागदाचं मीठसुद्धा सोडलं नाही.
ओस्ला म्हणाली, "हात ऊबदार होता तिचा."
एवढंच.

काय झालं होतं, कधी, कुणी केलं,
मी विचारलेलं नाही.
तीस वर्षं आमचं कुंपण एक आहे;
कुठला खांब हलतो ते मला ठाऊक आहे,
तिथे मी टेकत नाही.

आज थोराने सगळं आधी तिच्या हातात दिलं.
प्लास्टिकचं ते यंत्र, सगळ्यांत लहान मापाचं.
हवं तर तुम्हीच आत घाला. हवं तर कुशीवर वळा.
आणि एक शब्द ठरवू या,
तो म्हणालात की माझा हात थांबेल.
ओस्लाने कुत्र्याचं नाव दिलं. स्केरी.
मरून सहा वर्षं झाली त्याला.
मग मला बाहेर पाठवलं.

मी बटणं मोजते. सहा.
एक दुसऱ्याच कोटाचं.
पुन्हा मोजते,
आणि आतून हाक येते,
"स्केरी!"
टेकडीवर द्यायची तशीच,
वाऱ्याच्या वर चढवलेली.

समोरचा म्हातारा वळून
खुर्च्यांखाली कुत्रा शोधतो.
मी अर्धवट उठलेली.
आत काही वाजत नाही,
काही हलत नाही.
म्हणजे थांबला हात.
म्हटल्यावर खरंच थांबला.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग तिचा आवाज, घरातला, साधा:
"हं. चालू दे आता."

बाहेर आली. कोट घालताना
फाटक्या अस्तरात हात अडकला,
मी ओढते, ती ढकलते,
म्हातारा आमच्याकडेही बघतो.

बोटीवर चहा घेताना म्हणाली,
निकाल पत्राने येईल. येऊ दे.
आणि तुझं पत्र कुठंय?

पावाच्या डब्याखाली, मी म्हटलं.

ती पाण्याकडे बघत राहिली.
"तुझा कोट जड आहे," म्हणाली,
"पण धरीन."