गाडीला सहा कप्पे

ट्रेनिंगमध्ये दोनच खोकी करायला सांगितली होती:
एक पिवळं, हसऱ्या तोंडाचं. एक करडं.
तिसरी ब, मल्हारगंज, शनिवारचा शेवटचा तास.
शाळा हिंदी. रागावते मात्र मी मराठीतच,
आणि ते मुलांना बरोबर कळतं.

फळ्यावर लिहिलं, मन का कचरा.
चिठ्ठीवर उतरवा, करड्यात टाका,
मोकळे व्हा.

पेन्सिली चालू झाल्या.
फरहीननं लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं,
कागद फाटला.
लोकेंद्र तेवढा हाताची घडी घालून.
त्याचे पप्पा कचरागाडी चालवतात,
साडेसातला आमच्याच गल्लीत;
गाणं ऐकू आलं की मी ओल्या केसांनी
बादल्या घेऊन धावते.

"मॅडम, दोनच?
गाडीला सहा कप्पे असतात."

वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.
बरं, सांग.
त्यानं बोटं मोडली:
ओला. सुका. प्लास्टिक. डायपरवाला. सेल-वायरवाला.
आणि एक काचांचा, ॲसिडच्या बाटल्यांचा,
त्याला पप्पा हातमोज्याशिवाय शिवत नाहीत.
"ओला फेकायचा नसतो, त्याचं खत होतं.
वास मारतो थोडे दिवस."

मग राग कशात, यावर भांडण.
सुक्यात, लगेच पेटतो म्हणून.
नाही, काचांत.
पाढा अडला की येणारं रडू ओल्यात,
एवढ्यावर एकमत.
मागच्या बाकावरून कुणीतरी: धाकट्या भावाला कशात टाकू?

फरहीनच्या फाटक्या चिठ्ठीत
दोनच शब्द राहिले होते. अम्मी. दवाखाना.
मी वाचले आणि वाचायला नको होते.
पंख्याचा आवाज मोठा झाला.
लोकेंद्रनं ती चिठ्ठी घेतली, उलटसुलट पाहिली,
पप्पा बादलीत पाहतात तशी,
आणि परत दिली.
"ही गाडीत नाही येत. घरची आहे."
तिनं ती कंपासपेटीत ठेवली,
कर्कटकाखाली.

घंटा झाली.
फॉर्मवर प्रश्न होता: उपक्रम यशस्वी? हो / नाही.
मी तिरप्या रेघेवरच पेन टेकवून बसले.
एक चिठ्ठी माझीही होती,
एप्रिलपासून चष्म्याच्या घरात.
तिचा कप्पा कुणी विचारला नाही.

सोमवारी गाणं वाजलं.
स्टिअरिंगवरून वाकून तो म्हणाला,
मॅडम, तुम्ही डबे कमी नेले म्हणे.
केसांचं पाणी पाठीवर ठिबकत होतं.
हो, म्हटलं,
आणि बादली उचलून दिली,
आधी ओल्याची.