नोंद : कणकुंबीचा सडा

अमावास्या. वारा नाही, दव नाही.
अस्वलाची भीती आहे, म्हणून गप्पा मोठ्यानं.
आजची वस्तू : दीर्घिका. जात लंबवर्तुळी.
यादीत क्रमांक एकोणपन्नास.

आरसा आठ इंची. मी आणि शिवलिंगप्पानं
उद्यमबागेत, लेथची पाळी संपल्यावर
नऊ महिने घासलेला.
काचेवर काच, मधे ओली करडी भुकटी,
आणि पिंपाभोवती फेऱ्या, फेऱ्या.
पाच्छापुरे सुपरवायझर विचारायचे,
नवस कुणाला बोललाय रे?

उत्तरा फाल्गुनीवरून डावीकडं सरक.
खाली चित्रेपर्यंत जाऊ नको, आधीच थांब.
"काणंगिल्ल," तो म्हणतो.
सरळ बघतोस म्हणून. जरा बाजूला बघ,
उधारी मागायला आलेल्याकडं बघतो तसं.
"ऐती!"
मग हळूच, श्वास धरून, "ऐती, ऐती."

हात नाहीत तिला. चक्र नाही, पीळ नाही.
काचेवर कुणी हाः केल्यागत, एवढंच.
साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेलं
आणि आत्ता, थर्मासजवळ, आमच्यापाशी पोचलेलं.

वाचलेलं सगळं मी त्याला सांगतो :
बहुतेक तारे म्हातारे. नव्यांसाठी लागणारा वायू सरला.
कधीकाळी दीर्घिकेत दीर्घिका शिरली असणार,
ताऱ्याला तारा धडकला नाही, मधे जागाच इतकी.
फक्त ओढ बदलत गेली, वाटा विस्कटल्या.
आता कुठला कुणाकडचा,
ते त्या ताऱ्यालाही सांगता यायचं नाही.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, "पण गॅस संपवला कुणी?"
लेथवाल्याचा प्रश्न.
मला येत नाही.

लाल बॅटरी. मांडीवर वह्या.
एक वर्तुळ काढायचं, आत दिसलं तेवढंच भरायचं.
तो कानडी आकड्यात लिहितो, मी मराठी.
चार जवळजवळ तोच,
नऊ तेवढा वेगळा वळतो.
पेन्सिलीची पूड, वरून अंगठा.
माझा डाग गोल. त्याचा लांबट.
तुझा अंगठा घसरला, मी म्हणतो.
तो नळीकडं बोट करतो, नुसतं.

पुन्हा डोळा लावतो. तिरकं बघतो.
थांबतो.
लांबटच आहे.

खोडरबर त्याच्याकडं. मागावं लागतं.
खाली रानात काहीतरी मोडतं, काटकी असेल,
आणि आम्ही परत मोठ्यानं बोलायला लागतो,
तो त्याच्या भाषेत, मी माझ्या,
अस्वलाला दोन्ही येत असणार, असं धरून.