आठ

फॉर्म पुण्याहून आला.
डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, मध्ये पिन.
वेदनेचे स्वरूप निवडा:
जळजळ. ठणका. मुंग्या. विजेचा झटका. इतर.

भैरू मुचंडीकर, वय त्रेपन्न, उद्यमबागेत ओतकाम.
उजवा हात मनगटापासून नाही.
दुखतो तोच.
'करंगळीत उरी उठूलालीय, मॅडम.'
नेमकी कुठं? विचारावं लागतं.
बाहीच्या टोकापुढं वीतभर, हवेत
तो डाव्या हाताचं बोट टेकवतो. 'हितं.'

उरी डावीकडच्या रकान्यात सापडते,
उठूलालीय कुठल्याच नाही.
उठते म्हटलं तर रोजचं होतं,
उठत आहे म्हटलं तर बातमीतलं.
उठूलालीय म्हणजे आत्ता, या खुर्चीत,
तुम्ही पेनाचं टोपण काढताय तोवर.
मी 'इतर'वर खूण केली.

शून्य ते दहा?
'आठ.'
बारा गुरुवार कडोलीच्या बसनं येऊन,
उरलेल्या गोळ्या टेबलावर मोजून देऊन,
आठ.
एकदा साडेसात म्हणाला,
जिन्यापर्यंत गेला, परत आला:
'आठच लिवा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं.'

मार्चमध्ये लखोटे फुटले.
कुणाच्या डबीत काय, तोवर मलाही ठाऊक नव्हतं.
अ गट पाचावर उतरलेला.
ब जिथल्या तिथं.
भैरू ब.
बारा आठवडे मक्याचं पीठ, वर तोच पिवळा रंग.
सांगितलं होतं तसं पहिल्या दिवशी, पान चार,
तरी ते वाक्य मी दोन्ही भाषांत घोकून गेले.

ओव्हरटाइमचा हिशोब ऐकावा तसं त्यानं ऐकलं.
'म्हंजे माझं आठ होतं
म्हणून त्यांचं पाच कळलं.'
हो.
'पाईप पोकळ यायला आत वाळूचा गाभा ठेवतोत.
लोखंड थंड झालं की
फोडून टाकतोत त्याला.'
रागानं नाही. एखाद्या नव्या पोराला
काम शिकवावं तसं.

खाली रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता,
कुठल्या भाषेत ते खिडकीतून कळेना.
मी घाईनं म्हटलं, आता खरी गोळी तुम्हालाही मिळेल,
नवा फॉर्म आहे, इथं अंगठा.
शाईचा पॅड उघडला.

त्यानं आधी उजवा पुढं केला.
मग थांबून
डावा.