दहापैकी साडेसहा

आकडा आधी ठरव, मजकूर मागाहून लिही,
असं वेन्डेल म्हणतो.
तो संपादक. माशाच्या पोटात काय सापडलं
याच्याशी त्याला घेणंदेणं नाही,
वजन सांगा, बस्स.

तर सोमवार रात्रीपासून मी शार्क आहे.
लुईझियानात, हूमा गावात,
अर्नेस्टीन मावशीच्या आमिषाच्या दुकानावर
जी माळ्यावजा खोली आहे, तिथे.
खाली झिंग्यांच्या टाक्यांचे पंप घुरघुरतात,
वर मी माणसं खातो.

आधी कासवं खाल्ली. मग मुशी, मगरी,
मग गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई,
तिच्या हातातल्या फोनसकट.
गोल्फच्या मैदानावर चढून
पांढऱ्या चड्डीतला एक गृहस्थ खाल्ला,
आणि एकटाच इतक्या मोठ्यानं हसलो
की मावशीनं खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

बाकीच्यांचे लेख येऊन गेलेत.
एकानं नऊ दिले: खेळानं लाज सोडलीय,
आणि तीच त्याची शोभा.
दुसरीनं चार: पहिले तीन तास मेजवानी,
पुढचे नऊ तास उष्टं.
तिसरा कॅमेऱ्यावर घसरला.
अरुंद खाडीत तो असा काही गिरकतो
की समुद्राचा राजा
स्वतःचं शेपूट शोधत बसतो.
सगळ्यांचं खरं आहे.
मला लिहायला उरलंय काय, हाच प्रश्न.

मंगळवारी मावशी ताट घेऊन वर आली,
तळलेला मासा, भात, लोणच्याची काकडी.
हात पुसत पडद्याकडे बघत राहिली बराच वेळ.
चाळीस वर्षं मासे साफ केलेली बाई.
म्हणाली, याचं पोट कधी भरतं?

मी शोधलं. खरंच शोधलं.
हाडांचे दात मिळतात, विजेचं शेपूट मिळतं,
जमिनीवर जास्त वेळ तग धरायची सोय आहे.
पोट भरायची नाही.
ती म्हणाली, मग हा मासा नव्हे,
आणि ताट उचलून गेली.
मी अजून अर्धाही जेवलो नव्हतो.

रात्री दोनला मी खाणं थांबवलं.
धक्क्याच्या खांबांमध्ये नुसता तरंगत राहिलो.
वरून दिव्यांचा पिवळा उजेड
पाण्यात उतरत होता, उतरता उतरता विरत होता.
शेवाळ हलत होतं. ते कुणीतरी
मन लावून केलेलं होतं.
त्या कुणाचं नाव शेवटच्या यादीत
फार खाली असणार.
अकरा मिनिटं काही झालं नाही.
मग पडद्यावर अक्षरं आली:
जवळच सात माणसं आहेत.

पहाटे धक्क्यावर गेलो, खऱ्या.
बुई लोकच्या जाळ्यात हातभर लांब शार्क अडकला होता,
पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी.
लोकनं जाळं उलगडून पाहिलं, मग खिसे चाचपले,
मग सुरी काढली आणि जाळंच कापलं.
साठ डॉलरचं, म्हणाला, माझ्याकडे न बघता.
शार्क पाण्यात पडला. क्षणभर तसाच राहिला,
जणू त्याला पाणी आठवावं लागलं.
मग गेला.
ना सूड, ना गुण, ना पुढची पातळी.
लोक शिवी देऊन
उरलेलं जाळं गुंडाळू लागला.

हे सगळं मी लिहिलं होतं.
मावशीचा प्रश्न तर पहिल्याच ओळीत.
वेन्डेलनं दोन्ही परिच्छेद काढले.
छान आहे, म्हणाला, पण वाचकाला हवंय
की पैसे घालावेत की नाही.
आकडा?

साडेसहा.

वरचा अर्धा कशाचा, त्यानं विचारलं नाही.
त्या अकरा मिनिटांचा.